शनिवार एलाडिओचा

एलाडिओनं हात हलवला तो डावा. एवढंच झालं. सुपीरियर स्ट्रीटच्या पलीकडच्या फुटपाथवर तो आपल्या लेकीला घेऊन बसची वाट पाहत उभा होता, आणि अलीकडे न्हाव्याच्या दुकानातून मानेवरचे केस झटकत बाहेर पडलेल्या टॉइवो निस्कानेननं त्याला बघून हात वर केला होता. एलाडिओ हसला, आणि त्यानं डावा हात उचलून हलवला. उजव्या हातात काही नव्हतं. पिशवी नव्हती, पेपर नव्हता, मुलीचा हातसुद्धा नव्हता. ती दुसऱ्या बाजूला खांबाला धरून गोल गोल फिरत होती. उजवा हात नुसताच अंगाशी होता, कोपरात किंचित वळलेला, झोपलेलं मूल जपून धरावं तसा. मग मधे बस आली, आणि ती गेली तेव्हा फुटपाथ रिकामा होता. टॉइवो जागचा हलला नाही. समुद्राएवढ्या तळ्यावरून वारा येत होता. ऑगस्ट असूनही तो गार होता आणि नुकत्याच भादरलेल्या मानेला झोंबत होता. टॉइवो डुलूथच्या बेसबॉल क्लबाचा मॅनेजर होता, आणि एलाडिओ क्विन्तेरो त्याचा सगळ्यात चांगला पिचर, फलंदाजाला चेंडू टाकणारा. उजव्या हाताचा. आज गुरुवार होता, आणि शनिवार एलाडिओचा होता.

माणसं डावा हात हलवतात, त्यात काय एवढं, असं स्वतःला सांगत तो स्टेडियमकडे चालू लागला. दुकानाच्या काचेत त्यानं स्वतःला पाहिलं आणि कुणाचं लक्ष नाहीसं बघून डावा हात हलवून पाहिला. काचेतला म्हातारा परक्या माणसाचा हात उसना आणल्यासारखा दिसला. आयुष्यभर ज्या हातानं चेंडू टाकला, त्याच हातानं माणूस दार उघडतो, माशी हाकलतो, ओळखीच्याला हाक देतो. तो हात विचारायला थांबत नाही, आपला आपण पुढे होतो. तो पुढे झाला नाही, याचा अर्थ त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं होतं की तू गप्प बस. आठवड्याचा सगळा हिशेब, जो त्यानं रविवारीच मनात पक्का बसवला होता, तो पायाखालच्या फळीसारखा डळमळला. सामना रोज असतो, आणि पिचरला मात्र रोज टाकता येत नाही. एकदा शंभरभर चेंडू जीव खाऊन टाकले की हात मेल्यासारखा होतो, आणि तो परत जिवंत व्हायला मधे चार दिवस जावे लागतात. म्हणून पाच जण, आणि ज्याचा त्याचा पाचवा दिवस. बघणाऱ्याला वाटतं, यात काय, नावं ओळीनं लावली की झालं. पण वेगवान टाकणाऱ्यामागून संथ टाकणारा यावा, म्हणजे काल वेगाला सरावलेली समोरच्यांची नजर आज फसते. उजव्यामागून डावा यावा. ज्याच्या दिवशी हमखास सात-आठ डाव निभतात त्याच्या आदल्या दिवशी कच्चा गडी ठेवावा, म्हणजे मदतीला धावणारे बाकीचे दुसऱ्या दिवशी बसून राहतील. एखाद्याची बायको बाळंत होते, एखाद्याची तळ्यावरच्या धुक्यानं सामना उधळून गोची होते, आणि मग पाचही जण एकेक घर सरकतात. टॉइवो हे कधी कागदावर लिहीत नसे. झोप लागण्यापूर्वी पाच माणसं त्याच्या डोळ्यांसमोर हळूहळू चालत, आणि ती न अडखळता चालली की त्याला झोप लागे.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. उत्तरेकडे, लोखंडाच्या खाणीच्या गावात, त्याच्या बापाची एक आठवडा दिवसपाळी असे, एक आठवडा दुपारची, एक रात्रपाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात आई खिडक्यांवर घोंगड्या टांगी, कुत्र्याला शेजारी बांधून येई, आणि घरातली सगळी भावंडं दिवसभर पायांच्या चवड्यांवर चालत. आतल्या खोलीत बाप झोपलेला असे. टॉइवोला तेव्हा वाटायचं की बाप झोपलाय म्हणजे काही करत नाही. एकदा त्यानं तसं म्हटल्यावर आईनं त्याचा कान धरला आणि हळू आवाजात सांगितलं की तो काम करतोय, रात्रीचं काम आत्ता करतोय, आणि तू आवाज केलास तर ते रात्री खाली दगडात बिघडेल. ते वाक्य मुलाला कळलं नव्हतं. घोंगडीच्या कडेनं आत येणारी उजेडाची रेघ, बापाचा जड श्वास, आणि श्वास चालू आहे तोवर सगळं ठीक असण्याची ती दाट ऊब मात्र त्याच्या अंगात राहिली होती. आपण जन्मभर हेच करत आलो, असं त्याला कधी कधी वाटे: दुसऱ्यांच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगायच्या.

दुपारी सरावाला एलाडिओ नेहमीसारखा आला. कुंपणाकडेनं धावला, पोरांची थट्टा केली, चेंडूला मात्र शिवला नाही. एरवी आपल्या सामन्याआधीचे दोन दिवस तो थोडे तरी चेंडू टाके. टॉइवो त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि हवेविषयी बोलला, मुलीच्या शाळेविषयी बोलला. मग विचारायचं ते विचारलं.

“हात कसा आहे?”

“लोण्यासारखा, कप्तान.”

“शनिवारी तो माणूस येतोय, लक्षात आहे ना?”

“चौदा वर्षं लक्षात ठेवलंय,” एलाडिओ हसत म्हणाला, आणि पुन्हा धावायला गेला.

तो माणूस म्हणजे फॉक, मोठ्या लीगमधल्या एका क्लबासाठी गावोगाव खेळाडू हेरत हिंडणारा. एलाडिओ पस्तिशीचा झाला होता. पनामातून आल्यापासून त्यानं बसमध्ये जेवढी वर्षं काढली तेवढी कुणी घरात काढत नाही, आणि वरच्या क्लबांनी त्याला दोनदा घेऊन दोनदा सोडलं होतं. डुलूथचा हा क्लब कुठल्याच वरच्या क्लबाच्या पदरी नव्हता. इथं सगळे सोडलेले, टाकलेले गोळा झाले होते. मोसमाचे दहा दिवस उरले होते. गावभर शनिवारच्या सामन्याची पत्रकं लागली होती आणि त्यांवर एलाडिओचा चेहरा होता. टॉइवोला त्या उत्तराची चीड आली नाही. पिचरला हात कसा आहे विचारणं म्हणजे भुकेल्या पाहुण्याला जेवलात का विचारणं. तो हो म्हणणार, आणि विचारणारा मोकळा होणार. १९५७ साली डे मॉइनमध्ये स्कॅनलन नावाच्या मॅनेजरनं त्यालाही असंच विचारलं होतं. टॉइवो चोवीस वर्षांचा होता आणि दोनच दिवसांपूर्वी पूर्ण सामना टाकून आला होता. झकास, असं तो म्हणाला. तो सामना त्यांनी जिंकला. स्कॅनलननं त्याला खांद्यावर हात टाकून जेवायला नेलं, हाडासकट मोठा मांसाचा तुकडा खिलवला, आणि सुरी धरताना टॉइवोची बोटं थरथरत होती ती दोघांनीही पाहिली नाहीत. पुढच्या खेपेला चौथ्या डावात कोपरात काहीतरी झालं. आवाज झाला नाही. ओली दोरी सुटावी तसं काहीतरी सैल झालं, आणि चेंडू त्याच्या मनात नव्हतं तिकडे गेला. त्यानंतर तो हात कधी पूर्ण सरळ झाला नाही. स्कॅनलनविषयी त्याच्या मनात राग नव्हता, हीच अडचण होती. राग असता तर आता सोपं गेलं असतं. स्कॅनलन भला माणूस होता, त्यानं विचारलं होतं, आणि त्याला उत्तर मिळालं होतं.

संध्याकाळचा सामना त्यांनी जिंकला, पण टॉइवोला तो नीट आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी एल्वी, त्याची बायको, स्वयंपाकघरात ब्लूबेरी निवडत बसली होती. तो खिडकीशी कॉफी घेऊन उभा राहिला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. हात हलवल्याचं सांगताना त्याला लाज वाटली. एवढ्यावरून एका माणसाचा शनिवार काढून घ्यायचा? आणि आपण हे त्याच्यासाठी करतोय की त्या चोवीस वर्षांच्या पोरासाठी, जो केव्हाच मेला? पिकल्या फळांतून एल्वी देठ आणि पानं बाजूला काढत राहिली. मग तिनं विचारलं, तुला त्यानं खरं सांगायला हवंय, की तुला सुटायला हवंय?

“दोन्ही,” तो म्हणाला.

“दोन्ही मिळत नाही. त्याचा हात खरंच चांगला असला, तर तू त्याचा जन्माचा वैरी. नसला तरीही वैरी. मग तुला काय वाटतं तेच कर. वैर तर ठरलेलंच आहे.”

ती हे इतक्या सहज बोलली की त्याला हसू आलं. त्यानं फॉकच्या ऑफिसात फोन लावला. फोनवरच्या बाईला त्यानं दोनदा सांगितलं की क्विन्तेरो शनिवारी नाही, मंगळवारी सीमेपलीकडे थंडर बेला टाकेल. तिनं निरोप घेतला. मग तो टेकडीवरच्या एलाडिओच्या भाड्याच्या घराचे जिने चढला. दार नोएमीनं, एलाडिओच्या बायकोनं, उघडलं. आत केळी तळल्याचा वास होता आणि मुलगी टेबलाखाली बसून खेळत होती. एलाडिओ बनियनवर होता. टॉइवो बसला नाही, कारण बसला असता तर बोलता आलं नसतं. शनिवारी ब्लॉमक्विस्ट टाकेल, तू मंगळवारी, असं त्यानं सांगितलं.

एलाडिओला आधी ते कळलंच नाही. ब्लॉमक्विस्ट हा शेवटी शेवटी दोन डाव सावरायला येणारा गडी; त्यानं अख्ख्या मोसमात कधी सामना सुरू केला नव्हता. मग कळलं, तसा त्याचा चेहरा विझत गेला.

“मंगळवारी फॉक तिकडे येणार? परदेशात? माझ्यासाठी?”

“निरोप ठेवलाय.”

“निरोप.” एलाडिओनं तो शब्द चाखून पाहिल्यासारखा उच्चारला. “कप्तान, तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तूच. काल रस्त्यावर.”

तो आठवू लागला. नोएमी स्टोव्हकडे तोंड करून उभी होती, ती वळली आणि त्यांच्या भाषेत भरभर काहीतरी बोलली. टॉइवोला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण तिनं आपल्या उजव्या हाताची मूठ अर्धवट मिटून दाखवली आणि ती पुढे मिटत नाही असं केलं, तेव्हा सगळं कळलं. एलाडिओनं तिला गप्प राहायला सांगितलं. ती गप्प झाली नाही. मग तो टॉइवोकडे वळला, आणि एरवी अहो-जाहो करणारा तो माणूस एकदम एकेरीवर आला.

“हात माझा आहे. तू कोण?”

“दिवस लावणारा,” टॉइवो म्हणाला. “मंगळवारी तो आला नाही, तर ही संधी मी तुझ्याकडून हिसकावली असं समज. पण आज मी हो म्हटलं, तर शनिवारी तो तुला बघेल, आणि काय बघेल?”

टेबलाखालून मुलगी विचारत होती की बाबा रागावलाय का. टॉइवो जिने उतरला. खाली बंदरात लोखंडाचं खनिज भरायला आलेलं एक लांबलचक जहाज इतकं सावकाश सरकत होतं की ते थांबलंय असंच वाटावं.

शनिवार वाईट गेला. स्टेडियम भरलेलं होतं आणि ब्लॉमक्विस्टचं नाव पुकारलं तेव्हा लोक हसले. बिचारा पहिल्या डावात बचावला, दुसऱ्यात मार खाल्ला, आणि तिसऱ्यात टॉइवोनं त्याला काढलं, तोवर सामना गेलेला होता. त्याच्याबरोबर लीगमधला पहिला नंबरही जवळजवळ गेला. क्लबाच्या मालकीणबाई वरच्या कठड्यावरून खाली बघत होत्या आणि त्यांनी नंतर एवढंच विचारलं की पत्रकं छापण्यापूर्वी सांगता आलं नसतं का. आणि फॉक आला होता. निरोप त्याला मिळालाच नव्हता. फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मागच्या खुर्चीत तो तिसऱ्या डावापर्यंत बसला, मग खाली आला. मी सहा तास गाडी हाणत आलो, तो म्हणाला, ज्याला बघायला आलो तो बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा खातोय. टॉइवोनं कारण सांगितलं नाही. हेरणाऱ्यापाशी पिचरच्या हाताचा शब्द काढला, की तो पिचर संपला. पुढच्या रविवारी, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, क्विन्तेरो इथंच टाकेल, एवढं तो म्हणाला. फॉकनं खांदे उडवले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एलाडिओ हे सगळं बघत होता. तो रात्री जाताना टॉइवोशी बोलला नाही. रविवारी बोलला नाही. सोमवारी बसमध्ये तळ्याकाठच्या त्या लांब रस्त्यानं सीमा ओलांडून जातानाही बोलला नाही. टॉइवो खिडकीला डोकं टेकून बसला होता. पाच माणसं डोळ्यांसमोर आणायचा त्यानं प्रयत्न केला, पण ती चालेनात. सगळी एका जागी उभी राहून त्याच्याकडे बघत होती. आपण घोंगडी टांगली ती खिडकीवर की माणसाच्या तोंडावर, असं त्याच्या मनात आलं.

मंगळवारी थंडर बेला तीनेकशे माणसं असतील. फॉक नव्हता. धुकं मैदानाच्या कुंपणापर्यंत येऊन थबकलं होतं आणि दिव्यांभोवती ओलसर कडी धरली होती. एलाडिओ मातीच्या उंचवट्यावर चढला, त्यानं बुटानं माती उकरली, आणि पहिला चेंडू टाकला. टॉइवोच्या अंगावर काटा आला. आठ दिवस निजलेला हात जागा झाला होता. वेग फारसा नव्हता. पण चेंडू बॅटशी येईतो सरळ यायचा आणि मग मनात काहीतरी आल्यासारखा खाली बुडायचा. समोरचे हवेत बॅटी फिरवून माघारी जात होते. दोन डाव, तीन डाव, पाच. त्या थोड्याशा परक्या लोकांत शांतता पसरली. कुणी तरी चांगलं गात असताना पसरावी तशी. टॉइवोनं डोळे मिटले असते, तरी त्याला कॅचरच्या हातमोज्यात चेंडू पडल्याच्या आवाजावरून सगळं दिसलं असतं. हे बघायला कुणी आलं नाही, असं आधी त्याला वाटत होतं. पाचव्या डावानंतर वाटेनासं झालं.

सहावा डाव संपवून एलाडिओ आत आला आणि नेहमीच्या जागी न बसता टॉइवोजवळ येऊन बसला. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. समोर त्यांचा फलंदाज उभा राहिला होता. त्याच्याकडे बघतच तो बोलला.

“कप्तान, बस करू या.”

टॉइवोनं मान वळवली नाही. पाखरू खांद्यावर बसलं की माणूस श्वास रोखतो, तसं त्याला झालं.

“कोपर धरून येतंय,” एलाडिओ म्हणाला. “दुखत नाही. येतंय. अजून एक डाव टाकेन, पण तो मी टाकणार नाही, माझा हट्ट टाकेल. शनिवारी पहिल्या डावातच आलं असतं.” मग गुडघ्यावरची टोपी उचलत म्हणाला, “असं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की दुसऱ्या दिवशी बॅग भरायची, एवढंच माहीत होतं.”

टॉइवोनं दुसऱ्या पिचरला हात मोकळा करायला सांगितलं. सामना त्यांनी जिंकला. हॉटेलात आल्यावर खिडकीशी बसलेल्या कारकुनानं त्याला फॉकचा फोन येऊन गेल्याचं सांगितलं; येत्या रविवारी तो उत्तरेकडून परतणार होता, वाट वाकडी करून डोकावेन म्हणाला होता, जमलं तर. टॉइवोनं एलाडिओला ते जसंच्या तसं सांगितलं, जमलं तर धरून. एलाडिओनं मान डोलावली. त्यानं आनंद दाखवला नाही आणि दुःखही नाही. तो वर गेला आणि जिन्यात शीळ घालत गेला.

बुधवारी सकाळी बस परत निघाली. डाव्या हाताला तळं लखलखत होतं, आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. संध्याकाळी घरी सामना होता आणि तो टेरी ग्रॅबोचा होता. टॉइवो उठून ग्रॅबोशेजारी जाऊन बसला आणि त्याला हात कसा आहे विचारलं. झकास, असं ग्रॅबो म्हणाला. पुढच्या सीटवरून एलाडिओनं मागं न बघता सांगितलं, “अरे, खरं सांग. म्हातारा चावत नाही.” ग्रॅबो लाल झाला. मग त्यानं मधलं बोट पुढे केलं. टोकाशी फोड फुटला होता आणि त्याच्यावर त्यानं मुली नखांना लावतात तो रंग फासून ठेवला होता. आठवडाभर त्यानं ते कॅचरलासुद्धा कळू दिलं नव्हतं. ते बघून पलीकडचा मिलस म्हणाला, की फोडाचं काय घेऊन बसलात, माझा खांदा सकाळी वर जात नाही, दात घासायला मान खाली न्यावी लागते. मागून कुणी पाठीचं काढलं, कुणी मांडीचं. जुलैपासून घोट्याची दुखापत लपवून ठेवलेला एक जण ती एखाद्या पराक्रमासारखी सांगू लागला. सगळी बस बोलू लागली, एकमेकांचं ऐकून घेईना, दवाखान्याच्या बाकावर बायका बसल्यासारखी. टॉइवो दोन्ही सीटांच्या मधे उभा राहून या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता. धडधाकट म्हणून ज्या पाच जणांना तो रोज रात्री डोळ्यांसमोर चालवत होता, त्यातला एकही धड नव्हता. आज संध्याकाळी चेंडू कुणाच्या हातात द्यायचा याचा त्याला पत्ता नव्हता, आणि कित्येक वर्षांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. तो हसू लागला. पोरांना वाटलं म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं.

ब्लॉमक्विस्ट सगळ्यात मागच्या सीटवर एकटाच होता. शनिवारपासून तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. त्यानं हात वर केला, वर्गात करावा तसा.

“मला काही झालेलं नाही,” तो जरा ओशाळून म्हणाला. “शनिवारी मी टाकलंच किती? तुम्ही तर तिसऱ्यातच काढलंत.”

बसमध्ये हशा पिकला, आणि सगळ्यात मोठ्यानं एलाडिओ हसला. टॉइवो धक्के खात, सीटांच्या पाठी धरत मागपर्यंत गेला आणि त्याच्याजवळ बसला. त्याला तो हात दाबून बघावासा वाटला नाही. चेहराही त्यानं फार वेळ न्याहाळला नाही.

“मग आज तू,” तो म्हणाला.